बोरच्या मोटरीचं काम टाकताय? मंग गाडी आदल्या संध्याकाळीच तयार ठेवा

आयटीआय करून, कुठल्या तरी वायंडिंगच्या दुकानात दोन-चार साल हेल्परकी करून आता स्वतःचं काम टाकणारे पोट्टे आपल्याकडे विदर्भात गावोगावी दिसतात. एक जुना छोटा हत्ती, एक चेनपुली, एक घोडी (पुली टांगायची तिपाई), तीन-चार जण, की झाली टीम. मोटर काढणं, उतरवणं, स्टार्टर भरणं हे काम त्यांना येतेच, त्यात मी काही शिकवत नाही. पण वावरात पोचल्यावर कळते की पाइप पाना दुसऱ्या गाडीत राहिला, किंवा पाइप सव्वा इंची आणि क्लॅम्प आणला दीड इंची, आणि तालुका तिथून अठरा किलोमीटर, त्यातला अर्धा पांदण रस्ता. एक जण बाइक घेऊन परत जाते, बाकीचे तिघं धुऱ्यावर बसून राहतात, आणि शेतकरी समोर उभा असते ज्याचा हरभरा किंवा संत्रा पाण्यावाचून वाळून राहिला. हे टाळायचं कसं, ते सांगतो.

पहिले एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तयारी म्हणजे दुकानातलं सगळं सामान गाडीत कोंबणं असं काही लोकांना वाटते. तसं केलं तर गाडीत सगळं असते पण सापडत काहीच नाही. तयारी म्हणजे उद्याचं काम काय आहे हे आज माहीत असणं, आणि हे माहीत होते फोनवर.

फोनवर काय विचारायचं

शेतकऱ्याचा फोन येते, "भाऊ, मोटर बंद पडली, उद्या या." आपण म्हणतो "येतो काकाजी" आणि फोन ठेवतो. इथंच अर्धा दिवस वाया जाते राजेहो. फोन ठेवायच्या आधी पाच मिनिटं घ्या, काकाजी घाईत असले तरी घ्या.

सगळ्यात आधी विचारा की मोटर करते काय. "गुनगुन करते पण उचलत नाही" असं म्हणाले तर सिंगल फेजवाल्याचा कपॅसिटर गेला असू शकते किंवा पंप जाम झाला असेल, थ्री फेज असेल तर एखादा फेज गायब. "एकदम चूप आहे" म्हणाले तर आधी लाइनच आहे का ते पाहायला सांगा, मंग फ्यूज, स्टार्टर, केबल. "चालू केली की स्टार्टर पाडते" म्हणजे ओव्हरलोड, नाहीतर केबलचा जॉइंट किंवा वायंडिंग. आणि "मोटर चालते पण पाणी येत नाही" हा सगळ्यात फसवा प्रकार, त्यात बोरचं पाणी खाली गेलं असेल, पाइपाला भोक पडलं असेल, इंपेलर (पंपातले पाणी ढकलणारे पंखे) घासले असतील, काहीही असू शकते. यात एक प्रश्न हमखास विचारा: "काकाजी, इतक्यात डीपीवर काही काम झालं का?" डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, लाइनमननं केबल बदलली आणि फेज उलटे बसले की थ्री फेज मोटर उलटी फिरते, फिरताना आवाज बरोबर येते पण पाणी कमी येते किंवा येतच नाही. तिथं स्टार्टरमधल्या कोणत्याही दोन फेजच्या वायरी आपसात बदलल्या की काम झालं. त्यासाठी घोडी, चेनपुली, चार माणसं घेऊन जायची काहीच गरज नाही, एक जण बाइकवर टेस्टर आणि टाँग टेस्टर (वायरीभोवती पकडून अँपिअर मोजायचं मीटर) घेऊन गेला तरी पुरते.

मंग मोजमापाचे प्रश्न. बोर आहे का इहीर, मोटर किती फुटावर आहे, पाइप लोखंडी का काळा एचडीपीई (प्लास्टिकचा) का पांढरा कॉलम पाइप, पाइपाची जाडी किती, मोटर किती एचपीची, सिंगल फेज का थ्री फेज. शेतकऱ्याला फूट आठवत नसतील तर "किती पाइप टाकले होते" विचारा, ते बरोबर आठवते. लोखंडी पाइप वीस फुटी असते, म्हणजे दहा पाइप म्हणाले की दोनशे फूट झाले.

हे विचारायचं कारण वजन आहे. सव्वा इंची लोखंडी पाइप दोनशे फूट म्हणजे नुसता पाइपच पावणेदोनशे-दोनशे किलोच्या घरात जाते. त्यात पंपाले एनआरव्ही (पाणी परत खाली न जाऊ देणारा व्हॉल्व्ह) लागलेला असला की पाइपातलं पाणी खाली उतरत नाही, ते साधारण साठ लिटर, म्हणजे आणखी साठ किलो. मोटर-पंप वेगळे. हे सगळं हातानं ओढायच्या गोष्टी कोणी करू नये, त्याला १ टनाची चेनपुली, मजबूत घोडी आणि दोन क्लॅम्प लागतातच, एक क्लॅम्प बोरच्या तोंडावर टेकलेला आणि एक पुलीला. दोनच्या जागी एकच क्लॅम्प नेला तर काम सुरूच होत नाही. उलट तेवढ्याच खोलीवर एचडीपीईची कॉइल असेल तर तीन-चार माणसं दोरासकट ओढून घेतात, पण मंग वावरात ती लांब पसरवायला जागा लागते आणि दोर सडका निघाला तर सगळं बोरात. म्हणून फोनवरच "दोर किती सालाचा आहे" हेही विचारून घ्या. वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागांमधले बोर लयच खोल असतात, तिकडचं काम घेतलं तर माणसं आणि वेळ दोन्ही वेगळ्या हिशोबानं धरा, एका दिवसात दुसरं काम लावूच नका.

मदतीला माणूस मिळेल का तेही विचारा. एरवी शेतकरी म्हणते "हाओ, दोन गडी देतो", पण सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या दिवसात गडी कोणाकडेच सुटा नसते, त्या महिन्यांत आपलाच एक माणूस जास्तीचा ठेवा.

आणि सोलर पंप असेल तर कोणत्या योजनेतला, किती साल झाले, हे विचारल्याशिवाय निघूच नका. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतल्या पंपाला पाच वर्षांची दुरुस्तीची गॅरंटी असते, ती ज्या कंपनीनं बसवला तिनं करून द्यायची असते. तुम्ही मध्येच कंट्रोलर उघडला तर उद्या कंपनीवाला म्हणेल बाहेरच्यानं हात लावला. अशा काकाजीले तक्रार कुठं करायची ते सांगा, आपलं काम गेलं तर गेलं. पुढच्या साली त्याच्याच इहिरीवरची जुनी मोटर बिघडली की तो तुम्हालेच फोन करते.

लाइन कधी आहे

बाहेरगावच्या मिस्त्र्याले हे समजतच नाही. आपल्याकडे शेतीच्या फिडरले (सबस्टेशनहून वावरांकडे येणारी लाइन) थ्री फेज लाइन चोवीस तास नसते, साधारण आठ तास असते, आणि बऱ्याच ठिकाणी एक आठवडा दिवसाची तर एक आठवडा रातची. सौर कृषी वाहिनी (शेतीच्या फिडरले सोलरची वीज द्यायची सरकारी योजना) लागली त्या फिडरवर दिवसाची लाइन मिळते, बाकीच्यांचं वेळापत्रक बदलत राहते. म्हणून प्रत्येक कामाच्या नोंदीत लाइनची वेळ लिहा. सकाळी नऊ ते पाच लाइन असेल तर सहा वाजता निघून नऊच्या आत मोटर वर काढा, लाइन आल्यावर चेक करा. आठवडा रातचा असेल तर काढणं-उतरवणं दिवसा होऊन जाईल पण मोटर चालवून दाखवता येणार नाही, आणि मोटर चालल्याशिवाय पैसे मिळत नाहीत हे आपल्याले सगळ्यांलेच माहीत आहे. अशा वेळी एक जण रातच्या लाइनले परत येईल हे आधीच ठरवून शेतकऱ्याले सांगा, किंवा ते काम पुढच्या आठवड्यावर ढकला.

दोन कामं एका दिवशी लावायची असतील तर गावं जवळ आहेत एवढं पाहून भागत नाही, दोघांचे फिडर आणि लाइनच्या वेळा पाहा. एका गावात सकाळची लाइन आणि शेजारच्या गावात दुपारची असेल तर मस्त जमते.

संध्याकाळी गाडी भरणं

सकाळी भरू म्हणाल तर हार्डवेअरचं दुकान नऊ-दहाशिवाय उघडत नाही आणि तुम्हाले सहाला निघायचं आहे. बाजाराच्या दिवशी किंवा दुकानाच्या सुट्टीच्या वारी तर काहीच मिळत नाही. म्हणजे जे काय कमी आहे ते संध्याकाळी सातच्या आत कळायला पाहिजे.

मी सामान तीन भागांत ठेवायला सांगतो. पहिला भाग कायम गाडीतच राहते, तो कधीच उतरवायचा नाही: पाइप पाने दोन, चेन पाना, क्लॅम्पचे जोड सव्वा, दीड आणि दोन इंचीचे, पक्कड, पेचकस, आरी आणि तिचे जास्तीचे पत्ते, टेस्टर, टाँग टेस्टर, मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं मीटर), नायलॉन दोर, प्रथमोपचाराचा डबा, हातमोजे, रबरी बूट. दुसरा भाग संपणारा माल, एका पत्र्याच्या पेटीत: रबर टेप, पीव्हीसी टेप, फ्यूज वायर, किटकॅट (फ्यूज वायर बसवायचे होल्डर), लग (वायरीच्या टोकाले लावायचे), नट-बोल्ट, धागा, सोल्युशन, केबल बांधायच्या पट्ट्या, दोन-तीन नेहमीच्या मापाचे कपॅसिटर, एखादा रिले. ही पेटी रोज संध्याकाळी उघडून पाहायची, आणि पाहायचं काम एकाच माणसाचं. सगळ्यांचं काम म्हणजे कोणाचंच नाही, हे तर तुम्ही घरीसुद्धा पाहिलंच असेल. तिसरा भाग उद्याच्या कामापुरता, तो फोनवर जे लिहिलं त्यावरून भरायचा आणि काम झालं की उतरवायचा, जसं मोठ्या मापाची केबल, नवीन पाइप, घोडी, बदलीची मोटर.

कपॅसिटरच्या बाबतीत एक सांगतो, अंदाजानं लावू नका. पॅनलवर किती एमएफडीचा (मायक्रोफॅरॅड, कपॅसिटरचं माप) आहे ते शेतकऱ्याले फोटो काढून पाठवायले सांगा, आजकाल सगळ्यांच्या घरी एखादा पोट्टा व्हॉट्सअॅपवाला असतेच.

एक कॅन स्वच्छ पाणी, पंधरा-वीस लिटरची, ही वस्तू जवळपास सगळे विसरतात. पाण्यानं भरायची मोटर असेल तर उतरवायच्या आधी आत स्वच्छ पाणी पूर्ण भरायला लागते, आणि मोटर तर तुम्ही बाहेर काढलेली, त्या वावरात पाणी येणार कुठून? मंग कोणी तरी नाल्याचं गढूळ पाणी आणून भरते आणि चार महिन्यांत बुश (मोटरच्या आतले बेअरिंग) घासतात. कॅन न्या. त्यातलंच पाणी पुढं बादलीत जॉइंट तपासायलाही कामी येते.

मीटरचे सेल पाहा. मेगर चालू होते का पाहा. बाइकचं, गाडीचं डिझेल-पेट्रोल, हवा, स्टेपनी हे ड्रायव्हरनं संध्याकाळीच पाहायचं, गावातला पंक्चरवाला सकाळी सहाला झोपलेला असते. सगळ्यांचे फोन चार्ज.

मंग टीमच्या ग्रुपवर एक मेसेज टाका, लांबलचक नको. असा काही: "उद्या हिवऱ्याचं काम. बोर, ११ पाइप लोखंडी सव्वा इंची, मोटर ५ एचपी थ्री फेज, स्टार्टर पाडते. लाइन ९ ते ५. मालक एक गडी देणार. चेनपुली, घोडी, सव्वाचे दोन क्लॅम्प, ४ ची केबल ५० मीटर, पाण्याची कॅन. पावणेसहाले दुकानापाशी. डबा घेऊन येणे." लोकेशन शेतकऱ्याकडून मागवून तेही टाका. वावराचं लोकेशन मागा बरं का, नाहीतर तो घराचं पाठवते आणि आपण गावात फिरत बसतो.

सकाळी

इतकं आदल्या दिवशी झालं की सकाळी फार काही उरत नाही. चहा प्या. गाडीपाशी उभं राहून दोन मिनिटं गोष्ट करा: आज काम काय, वर पुलीवर कोण, क्लॅम्पवर कोण, केबल कोण धरणार, लाइन बंद-चालू करायचं काम कोणाचं. लाइनचं काम फक्त एका माणसाचं, त्यानं सांगितल्याशिवाय स्टार्टरले दुसऱ्यानं हात लावायचा नाही. नवीन हेल्पर असेल तर त्याले समोर उभं करून परत म्हणून घ्या. त्याले लाज वाटली तरी चालते.

कोणी रातभर लग्नात जागलं असेल, कोणी घेतलेली असेल, तर ते याच दोन मिनिटांत चेहऱ्यावर दिसते. अशा माणसाले त्या दिवशी पुलीखाली उभं करू नका, घरी पाठवा. रोज गेला म्हणून तो कुरकुर करेल, करू द्या.

निघायच्या आधी शेतकऱ्याले एक फोन. "काकाजी, निघालो. लाइन आहे ना? रस्त्यानं गाडी येते ना?" पावसाळ्यात हा दुसरा प्रश्न लय महत्त्वाचा, काळ्या मातीत छोटा हत्ती फसला की तो काढायले ट्रॅक्टर आणा, मंग मोटर काढा. पांदण खराब असेल तर सामान धुऱ्यापर्यंत न्यायले मालकाले बंडी किंवा ट्रॅक्टर तयार ठेवायले सांगा.

वावरात पोचल्यावर पहिली दहा मिनिटं

सामान उतरवायच्या आधी स्टार्टरची पेटी उघडा, पण हातानं नाही, काडीनं. पेटीत विंचू, साप, गांधीलमाश्या काहीही असते, खास करून पावसाळ्यात आणि थंडीत. साप चावलाच तर माणसाले न हालवता सरळ ग्रामीण रुग्णालयात न्या, १०८ ले फोन करा, झाडपाल्यात वेळ घालवू नका. जवळचा सरकारी दवाखाना कोणता हे ड्रायव्हरले रोज माहीत असायले पाहिजे, ते मेसेजमध्येच लिहून टाकलं तर सगळ्यात बरं.

मंग लाइन. आपल्याकडे जवळपास प्रत्येक स्टार्टरले ऑटो स्विच लागलेला आहे, कारण रातची लाइन आली की उठून कोण जाईल. त्याचा अर्थ असा की आत्ता लाइन नाही म्हणून तुम्ही बिनधास्त केबल सोलत बसलात आणि तिकडून लाइन आली तर मोटर आपोआप चालू होते. म्हणून ऑटो स्विच बंद, मेन स्विच बंद, तिन्ही किटकॅट काढून लाइनच्या माणसाच्या खिशात. खिशातच, पेटीवर ठेवायचे नाहीत, मालकाचा पोरगा मदत म्हणून परत लावून देते. त्यानंतर टेस्टरनं तिन्ही फेज पाहायचे. सिंगल फेजच्या पॅनलमधला कपॅसिटर लाइन काढल्यावरही झटका देते, त्याले आधी बल्ब लावून डिस्चार्ज करून घ्या.

डीपीवर कोणीही चढायचं नाही, डीपीच्या पेटीत हात घालायचा नाही. गावात लोक स्वतःच डीपीवर फ्यूज टाकतात हे मला माहीत आहे, तुम्हालेही माहीत आहे, पण ते काम लाइनमनचं आहे. फॉल्ट डीपीवरचा दिसला तर शेतकऱ्याले महावितरणच्या १९१२ वर तक्रार करायले सांगा आणि लाइनमन येईपर्यंत आपलं दुसरं काम करा.

सोलरवर उलटा धोका आहे. तिथं रात हीच सेफ वेळ, दिवसा पॅनलवर ऊन आहे तोवर वायरीत व्होल्टेज असतेच, तेही डीसी, काही शे व्होल्ट. डीसी स्विच बंद केल्याशिवाय पॅनलचे कनेक्टर ओढायचे नाहीत, चालू लोडवर ओढले तर मोठी ठिणगी पडते.

हे झालं की मोटर काढायच्या आधी मेगर लावा. केबल स्टार्टरमधून सोडवून प्रत्येक वायर आणि अर्थिंगमध्ये ५०० व्होल्टच्या मेगरनं पाहायचं. १ मेगाओमच्या खाली आला तर केबल, जॉइंट किंवा वायंडिंग, तिघांपैकी काही तरी ओलं झालं, मोटर काढावीच लागते. चांगला आला तर थांबा, आधी स्टार्टर, रिले, लाइनचं व्होल्टेज पाहा. वरच्या वर काम होत असेल तर दहा-बारा पाइप काढायची हौस कशाले? नवीन पोट्टे गेले की सरळ घोडी उभी करतात, शेतकऱ्यालेही वाटते काम सुरू झालं, आणि दुपारी कळते की ओव्हरलोड रिले खराब होता.

मोटर काढलीच तर नवा जॉइंट मारल्यावर तो बादलीतल्या पाण्यात बुडवून परत मेगर लावा, मंगच खाली सोडा. दहा मिनिटं जातात. जॉइंट दोनशे फुटावर गेल्यावर कळलं तर दिवस जाते.

चालू केल्यावर टाँग टेस्टरनं तिन्ही फेजचे अँपिअर पाहून मोटरच्या प्लेटवरच्या आकड्याशी जुळवा, शेतकऱ्याले दाखवा आणि वहीत लिहा.

उन्हाळ्याचं वेगळं

एप्रिल ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत आपल्याकडे काम सगळ्यात जास्त आणि ऊनही सगळ्यात जास्त, पारा पंचेचाळीसच्या वर जाते. त्या दिवसांत निघायची वेळ पाचची करा आणि बारा ते चार जड काम बंद ठेवा, लोखंडी पाइप तेव्हा हातात धरवतही नाही. गाडीत माणशी चार-पाच लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, दुपट्टे, सोबत कांदा ठेवायचा तर ठेवा, पण पाणी आणि ओआरएस त्याच्यावर सोडू नका. कोणाचं डोकं दुखायले लागलं, घाम यायचा थांबला, बडबड करायले लागला तर सावलीत घ्या, अंगावर पाणी टाका, दवाखान्यात न्या. सावलीले झाड नसेल अशा वावरासाठी एक ताडपत्री गाडीत असू द्या, पावसाळ्यात तीच स्टार्टरवर धरायले कामी येते.

परत आल्यावर

संध्याकाळी सगळे थकलेले असतात, गाडी लावली की पळतात. तसं पळू देऊ नका, पंधरा मिनिटं थांबवा. पाने मोजून घ्या, वावरात राहिलेला पाना दुसऱ्या दिवशी सापडत नाही, नांगरटीतच सापडते. तिसऱ्या भागातलं सामान उतरवा, पेटीत काय संपलं ते पेटीवाल्यानं पाहून लगेच दुकानात जायचं. चेनपुलीच्या साखळीवर आणि हुकावर नजर फिरवा, कडी ताणलेली दिसली तर ती पुली उद्या नेऊ नका.

वहीत त्या बोरचं एक पान करा: गाव, शेतकऱ्याचं नाव, किती पाइप, पाइपाची जाडी, मोटर कोणती, केबल किती, पाणी किती फुटावर लागलं, अँपिअर किती आले, आज काय बदललं, पैसे किती आले, किती कापूस विकल्यावर द्यायचे राहिले. दोन साल गेले की याच काकाजीचा फोन येईल, तेव्हा त्याले काहीच विचारायची गरज नाही, वही उघडली की क्लॅम्प कोणता न्यायचा ते कळते. वहीचे फोटो काढून फोनमध्येही ठेवा, वही गाडीत भिजते.

आणि मंग उद्याचे फोन लावायले घ्या, सात वाजायच्या आत, दुकान बंद व्हायच्या आधी.